शेल्फवरचा हिटलर

एक खेळ सांगते. पुढच्या वेळी कुणाची वाट बघत फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यासमोर उभं राहायची वेळ आली, की खेळून बघा. फोर्टात फाउण्टनजवळ असा, पुण्यात एफसी रोडला असा, नाहीतर तुमच्या स्टेशनबाहेरच्या निळ्या ताडपत्रीसमोर. श्रीमंत कसं व्हायचं, लोकांना कसं जिंकायचं, पहाटे पाचला उठून आयुष्य कसं बदलायचं... या रांगेवरून नजर सरकवत न्या. फार तर सात-आठ पुस्तकं. तो सापडतोच. चापून पाडलेला भांग, चौकोनी मिशी, रोखलेली नजर. 'माईन काम्फ'. एका बाजूला अब्दुल कलाम, दुसऱ्या बाजूला स्टीव्ह जॉब्ज!

मॉलमधल्या एसी दुकानात जा, तिथेही तो आहे. फक्त बिल मिळतं आणि घासाघीस चालत नाही. मराठीत 'माझा लढा' म्हणूनही मिळतो.

फाउण्टनच्या एका दादांना मी विचारलं, "हे खपतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी 'वडापाव खपतो का' असं विचारलं होतं. "मॅडम, ये तो बारा महिने चलता है. कॉलेजवाले, एमबीएवाले, सगळे घेतात." मग जरा थांबून म्हणाले, "पढते नहीं होंगे, पर लेते हैं."

वाक्य ऑफ द इयर, बॉस.

आता मूळ मुद्दा. असं पुस्तक विकावं का? आणि घरात ठेवावं का? हा प्रश्न मला कुठल्या सेमिनारमध्ये पडलेला नाही. तो माझ्या मित्राने रात्री साडेअकराला फोन करून विचारला, आणि त्याला उत्तर सकाळपर्यंत हवं होतं. हा मित्र तीन वर्षांपूर्वी आयटीतली नोकरी सोडून जुन्या पुस्तकांचं इन्स्टाग्राम पेज चालवायला लागला. (त्याची आई अजूनही शेजाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' सांगते.) दादरला हिंदू कॉलनीत एक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तिथल्या एका दिवंगत प्राध्यापकांचा संग्रह त्याने उचलला. किलोवर. त्यात 'माईन काम्फ'ची लंडनला छापलेली १९३९ सालची इंग्रजी आवृत्ती निघाली. पक्की बांधणी, पिवळी पडलेली पानं. याने हौसेने स्टोरी टाकली. तासाभरात सतरा मेसेज. त्यातला एक असा : 'भावा, कव्हरवर स्वस्तिक आहे का? असेल तर डबल देतो.'

डबल म्हणजे अख्ख्या संग्रहाला त्याने जे मोजले होते त्याहून जास्त. आणि महिन्याचं भाडं थकलेलं.

"सांग, विकू का?"

ठेवायच्या प्रश्नावर मी अडले नाही. ज्या कॉलनीतून ते पुस्तक आलं, त्याच कॉलनीत 'राजगृह' आहे. बाबासाहेबांनी मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलेलं घर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाहीरपणे जाळली गेली. आणि त्यानंतर पुढे कित्येक वर्षं बाबासाहेब आपल्या लिखाणात त्याच मनुस्मृतीतले श्लोक क्रमांकांसकट देत राहिले. तिला पुजणाऱ्या बहुतेकांपेक्षा त्यांनी ती जास्त बारकाईने वाचली होती. म्हणजे पुस्तक कपाटात असणं आणि पुस्तक पटणं यांचा काही संबंध नाही. तुमच्या कपाटात काय आहे याची चौकशी करणाऱ्या माणसापासून चार हात लांबच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदी? तो रस्ता आपण महाराष्ट्रात चालून बघितलाय. शिवाजी महाराजांवरच्या एका अमेरिकन अभ्यासकाच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पुस्तक त्याआधीच प्रकाशकाने मागे घेतलं होतं. तरीही कपाटं फोडली गेली, जुन्या पोथ्यांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. राज्य सरकारची बंदी २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. पण फाटलेलं हस्तलिखित कोर्टाच्या निकालाने जोडलं जात नाही. त्यामुळे 'बॅन करा' हा शब्द मी या लेखात पुन्हा काढणार नाही.

राहिलं विकणं. खरी गोची इथे आहे.

ज्यांच्या घरातून हे पुस्तक निघालं, त्या जर्मनीने काय केलं बघा. हिटलरने हे पुस्तक १९२४ मध्ये लॅण्ड्सबर्गच्या तुरुंगात लिहायला घेतलं. १९२५ मध्ये पहिला भाग आला, आणि १९४५ पर्यंत सव्वा कोटीच्या आसपास प्रती निघाल्या. १९३६ पासून तर नगरपालिका नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना हे आहेरात द्यायच्या. (आपल्याकडे निदान डिनर सेट मिळतो.) युद्धानंतर कॉपीराइट बव्हेरिया राज्याकडे गेला आणि त्यांनी नव्याने छापायला कुणालाच परवानगी दिली नाही. पण जुनी प्रत घरात ठेवणं गुन्हा नव्हता, आणि युद्धाआधीच्या जुन्या प्रती विकणंही गुन्हा नाही असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं. हे ऐकून मीही चमकले होते.

३१ डिसेंबर २०१५ ला कॉपीराइट संपला. आता कुणीही छापू शकणार, हे दिसत होतं. मग म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने स्वतःच ते छापलं, जानेवारी २०१६ मध्ये. दोन जाडजूड खंड, दोन हजारांच्या जवळपास पानं, साडेतीन हजारांहून जास्त टीपा. मूळ मजकुराच्या भोवती टीपांचा वेढाच घातलेला. इथे हा खोटं बोलतोय, ही कल्पना अमक्याकडून उचललेली, हे वाक्य पुढे अमुक साली प्रत्यक्षात असं उतरलं... किंमत ५९ युरो, म्हणजे फक्त खर्च निघेल इतपत. पहिली आवृत्ती चार हजारांची. पहिल्या वर्षभरात पंच्याऐंशी हजार खपल्या! पण बऱ्याच दुकानांनी ते शो-विंडोत लावलंच नाही. ऑर्डर द्या, मागवून देतो.

पैशांचं काय, हा प्रश्न तर त्याहून इंटरेस्टिंग. इंग्लंडमधल्या प्रकाशकाने १९७६ पासून या पुस्तकाची रॉयल्टी गुपचूप एका जर्मन मदत संस्थेला द्यायला सुरुवात केली. ही संस्था ज्यांना मदत करायची त्यात नाझींमुळे घरदार सोडून आलेले ज्यूही होते. २००१ मध्ये ही गोष्ट बाहेर फुटली आणि संस्थेने पुढचे पैसे घ्यायला नकार दिला. अमेरिकेतला प्रकाशकही नफा दान करायला लागला. तिथेही हे पैसे घ्यावेत की नाही यावर वाद झालेच. पैसा विटाळलेला असतो का, यावर मला विचाराल तर नसतो. हॉस्पिटलच्या बिलावर नोट कुठून आली ते लिहिलेलं नसतं. पण निदान त्या लोकांना तो पैसा खिशात घालताना काहीतरी टोचलं होतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे टीप नाही, प्रस्तावना असली तर गुळमुळीत. मागच्या कव्हरवर 'जग हादरवणारा नेता' छापाची तीन-चार वाक्यं. आणि शेल्फ कुठला? इतिहासाचा नाही. सेल्फ-हेल्प! लीडरशिप! सहा कोटींच्या आसपास ज्यू मारायचं स्वप्न... थांबा, आकडा नीट सांगते, कारण हा आकडा चुकवणं परवडत नाही. साठ लाख. साठ लाख ज्यू मारणाऱ्या माणसाकडून आपण टीम मॅनेजमेण्ट शिकायला निघालोय.

इथे माझ्या ऑफिसातल्या मित्रांचं ठरलेलं उत्तर येतं. "यार, तो त्यांचा इतिहास आहे. आपल्याला काय त्याचं?"

ठीक आहे. आपलंच बघू. जास्त लांब नको, रायगड जिल्हा घेऊ. वीकेण्डला अलिबागला जाता ना, तोच.

अलिबागजवळ नवगाव आहे. आपले पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले, असं बेने इस्रायली लोक मानतात. ज्यू. शेकडो वर्षं कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. मातृभाषा मराठी. आडनावं पेणकर, रोहेकर, चेऊलकर. जुन्या हिंदी सिनेमांतले डेव्हिड आठवतात? 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९४८ नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले, इथे आता काही हजारच उरलेत. तिकडे गेलेल्या आज्या अजून मराठीत भांडतात म्हणे.

याच जिल्ह्यात माणगाव आहे. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फण्ट्री. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं खोरं. समोर हिटलरच्या सैन्याची मशीनगन. बरोबरचे सगळे जवान पडले, हा एकटा धावत गेला, आधी ग्रेनेड, मग टॉमी गन, आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने. मशीनगन बंद पाडली आणि तिथेच गोळी लागून गेला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात पंचवीस लाख माणसं होती. त्यातला हा एक, पलसगावचा.

आणि याच जिल्ह्यात खारघर आहे. तिथे ऑगस्ट २००६ मध्ये एक रेस्टॉरण्ट उघडलं. नाव, 'हिटलर्स क्रॉस'. भिंतीवर फोटो, बोर्डावर नाझींचं चिन्ह. लक्षात राहील असं नाव हवं होतं, इतकंच मालकाचं म्हणणं. मुंबईतल्या ज्यूंनी निषेध केला, जगभर बातम्या झाल्या, काही दिवसांतच नाव बदललं.

एकच जिल्हा. आता सांगा, आपला संबंध नाही?

अजून एक सांगू? तुमच्या आजीच्या घरी सकाळी रेडिओ लागायचा आणि आकाशवाणीची ती सिग्नेचर ट्यून वाजायची. तिचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर कॉफमन ज्यू होते. नाझींमुळे युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईत आले, इथल्या रेडिओत वर्षानुवर्षं काम केलं. रझा, हुसेन, सुझा यांची चित्रं कुणी फारसं विचारत नव्हतं त्या काळात त्यांच्यामागे उभे राहिलेले श्लेसिंगर, लँगहॅमर, फॉन लायडन हेही तसेच, हिटलरपासून लांब मुंबईत आलेले. फाउण्टनच्या त्या ताडपत्रीपासून काळा घोड्याचं निळं सिनेगॉग जेमतेम दहा मिनिटांवर आहे. १८८४ सालचं. सेल्फी तिथेही काढतो आपण.

माझ्या आधीच्या ऑफिसात एक मुलगी होती. आडनावाच्या शेवटी 'कर', डब्यात बिरडं, शिव्या शुद्ध कोकणी ठेक्यात. सगळ्यांना वाटायचं सीकेपी असेल. आमच्या टीम लीडच्या टेबलावर मॅनेजमेण्टच्या पुस्तकांच्या चळतीत 'माईन काम्फ' होतं, मिशीवाला बाहेर तोंड करून. रोज साडेदहाच्या मीटिंगला ही त्याच्यासमोर बसायची. आठ महिने. नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी चहा पिता पिता मला सहज म्हणाली, "आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतात, माहितेय तुला?" मला एकदम सगळं कळलं. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "काय बोलू? सर चांगले आहेत गं. त्यांना काही माहीतच नाही. आणि सांगितलं असतं तर रोज माझ्याकडे बघून पुस्तक झाकलं असतं. ते जास्त वाईट."

टीम लीड खरंच चांगला माणूस होता. पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. वाचलं असतं, तर त्याला हिटलर आपल्याबद्दल काय म्हणतो ते कळलं असतं. भारताच्या स्वातंत्र्यासाठी युरोपात फिरणाऱ्या माणसांची त्याने यथेच्छ टिंगल केलीय. आणि भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला आपल्याला बरा वाटतो, हेही स्वच्छ लिहून ठेवलंय. नेताजी १९४२ च्या मे महिन्यात त्याला भेटले तेव्हा त्यांनी या मजकुराचा विषय काढला होता, पण त्याने बगल दिली. ज्याने आपल्याला गुलामीच्या लायकीचं समजलं, त्याची मिशी टेबलावर मांडून आपण इन्स्पायर होतोय! बरं, साहित्य म्हणून तरी? छे. एकच माणूस सातशे पानं ओरडतोय आणि तुम्ही लिफ्टमध्ये अडकलाय, असं ते पुस्तक आहे.

तर, मित्राचा फोन. मी हे सगळं त्याला अर्ध्या झोपेत ऐकवलं. तो वैतागला. "म्हणजे मी आता गिऱ्हाइकांच्या मुलाखती घेऊ? मेडिकलवाला कुणाला विचारतो का, ढेकणाचं औषध कशाला हवंय?"

मुद्दा बरोबर होता. मुलाखती घेऊ नये. विकत घेणारा स्कॉलर आहे की टपोरी, हे दुकानदाराला कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. पण पुस्तक कुठे ठेवायचं, काय सांगून विकायचं, हे तर त्याच्याच हातात असतं ना? कॅश काउंटरजवळ चॉकलेटं उगीच नसतात. ढेकणाचं औषधही कुणी सरबतांच्या रांगेत मांडत नाही. बाटलीवर कवटी असते.

"त्या पुस्तकावर प्राध्यापकांनी काही लिहिलंय का?" मी विचारलं. जुनी पुस्तकं म्हटलं की मला आधी समास बघायची खोड आहे.

पलीकडे पानांची फडफड. मग बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "अगं, शिसपेन्सिलीने भरलंय. प्रश्नचिन्हं आहेत. एका ठिकाणी मराठीत 'थाप' असं लिहिलंय. आणि भारताचं जिथे येतं ना, तिथे नुसती उभी रेघ. दोनदा गिरवलेली."

म्युनिकच्या इतिहासकारांनी साडेतीन हजार टीपांनी जे केलं, ते दादरच्या एका मास्तरांनी एकट्याने, पेन्सिल घेऊन, करून ठेवलं होतं.

सकाळी त्याने स्वस्तिकवाल्याला 'नाही' कळवलं. (त्याने उलट तिप्पट देऊ केले. हा मला स्क्रीनशॉट पाठवून रडला.) आणि नवी पोस्ट टाकली. कव्हरचा फोटो नाही. समासाचा फोटो. खाली : 'लंडन आवृत्ती, १९३९. आधीच्या मालकांच्या पेन्सिलच्या टिपणांसह. सोबत वि. ग. कानिटकरांचं "नाझी भस्मासुराचा उदयास्त". दोन्ही एकत्रच मिळतील, सेट तोडणार नाही.'

सतरा मेसेजचे दोन झाले. पहिल्याने विचारलं, खोडरबराने पेन्सिल पुसून देता का. दुसऱ्या होत्या साताऱ्याकडच्या एका शाळेतल्या इतिहासाच्या बाई. त्यांनी विचारलं, अक्षर वाचता येतंय का. येतंय म्हटल्यावर त्यांनी सेट घेतला, पैसे दोन हप्त्यांत.

भाड्यातले चार हजार मी भरले. दुसरा हप्ता आला की परत देतो म्हणालाय. अजून आलेला नाही.